मेडोज स्ट्रीटवरील आर्मेनियन ख्रिस्तमंदिर

मुंबईच्या कोट विभागात हुतात्मा चौकाच्या बाजूने काळा घोड्याकडे जाणारा एक अरुंद परंतु सदैव गजबजलेला रस्ता आहे. त्याचे आजचे नाव नगीनदास मास्टर रोड. जुनी माणसे मात्र त्यास अद्याप मेडोज स्ट्रीट असेच म्हणतात. इ.स. १७८८ ते १७९० या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या जनरल मेडोजवरून हे नाव पडले. पेढ्या, वकिलांच्या कचेऱ्या, उपाहारगृहे आणि पादचाऱ्यांची रेटारेटी यांमधून वाट काढणाऱ्या मनुष्यास या रस्त्यावर एक ख्रिस्ती उपासनामंदिर आहे, याची दखल घेण्यास सवड होत नाही. शिवाय ते आकाराने लहान आहे. जवळच्या सेंट थॉमस कथीड्रलसारखे ते डोळ्यांत भरत नाही. संत पीटरच्या नावाचे हे आर्मेनियन चर्च होय. येथील मूळ वास्तू इ.स. १७९६ मध्ये, म्हणजे पेशवाई अद्याप नांदत असताना, उभी राहिली.

देवालय म्हटले की त्याच्याभोवती त्याचे गाव आलेच, अशी आपली सर्वांची समजूत असते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळचे उदाहरण घ्या. नागनाथाचे देवालय आणि मोहोळ गाव यांची मनात फारकत करताच येत नाही. देवाची यात्रा ती गावाची यात्रा, आणि देवालयाची डागडुजी ती गावाची वर्गणी. मेडोज स्ट्रीटवरील या मंदिराची स्थिती नेमकी उलट आहे. देवालय आहे, वेदी आहे, नाव आहे. ज्यांनी ते बांधले त्यांचे गाव तेवढे उठून गेले आहे. मुंबईत आज राहणारे आर्मेनियन हाताच्या बोटांवर मोजता येतील. असे असता ही जागा दोनशे वर्षांहून अधिक काळ कशी टिकली, आणि जे टिकले ते नेमके काय, हा प्रश्न श्रोत्यांच्या विचारास खाद्य पुरवील असा आहे.

प्रथम हे लोक कोण ते पाहू. काळा समुद्र आणि कास्पियन समुद्र यांच्या दरम्यान डोंगराळ पठारांचा जो प्रदेश पसरला आहे, तो आर्मेनियन लोकांचा मूळ देश. ते स्वतःला ‘हाय’ म्हणवितात आणि आपल्या देशास ‘हायास्तान’ म्हणतात. सुमारे १७,००० फूट उंचीचा अरारात पर्वत हे त्यांच्या मनातले कैलास होय. मात्र तो पर्वत आज तुर्कस्तानच्या हद्दीत असून आर्मेनियाच्या राजधानीतून त्याचे नुसते दर्शन घडते. परंपरेनुसार इ.स. ३०१ मध्ये राजा त्रदात याने संत ग्रेगरीच्या उपदेशाने ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. असे करणारे हे जगातील पहिले राज्य, असे आर्मेनियन लोक अभिमानाने सांगतात. पुढे सुमारे इ.स. ४०५ मध्ये मेस्रोप माश्तोत्स नावाच्या विद्वान साधूने त्यांच्या भाषेकरिता स्वतंत्र ३६ अक्षरे सिद्ध केली. ज्या लोकांचे राज्य वारंवार गेले, त्यांनी धर्म आणि लिपी या दोनच गोष्टी जिवापाड जपल्या, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सारा इतिहास उलगडत जातो.

ऑर्थोडॉक्स हा शब्दही थोडा स्पष्ट करावयास हवा. आपल्याकडे ख्रिस्ती म्हटले की रोमन कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एवढे दोनच पंथ बहुधा डोळ्यांसमोर येतात. परंतु पूर्वेकडील प्राचीन चर्चांची परंपरा त्यांहून वेगळी आहे. तिच्यातही दोन कुळे आहेत. ग्रीक, रशियन इत्यादी चर्चे एका कुळातील. आर्मेनियन, सिरियन, इजिप्तमधील कॉप्टिक, इथिओपियन आणि केरळातील मलंकर ही दुसऱ्या कुळातील. ही फूट पडली ती इ.स. ४५१ मध्ये काल्सेडन येथे भरलेल्या धर्मपरिषदेच्या निर्णयांवरून. त्याच वर्षी आर्मेनियन लोक इराणच्या बादशहाशी आपल्या धर्माकरिता रणांगणावर झुंजत होते, त्यामुळे त्या परिषदेकडे लक्ष देण्यास त्यांना फुरसतच नव्हती! तेथील सिद्धांत त्यांनी पुढे कधीच मान्य केले नाहीत. वादाचा विषय ख्रिस्ताच्या ईश्वरी आणि मानवी स्वरूपासंबंधीचा असून तो इतका सूक्ष्म आहे की, आपल्याकडील द्वैताद्वैताच्या चर्चेची गोडी असणाऱ्यांनाच तो रुचावा. येथे त्यात शिरण्याचे प्रयोजन नाही. केरळातील मलंकर चर्च याच कुळातील आहे, एवढे मात्र लक्षात असू द्यावे.

या लोकांची खरी कीर्ती आहे ती दगडी बांधकामात. त्यांचा देश भूकंपाचा. इमारती लाकूड बेताचे, पण ज्वालामुखीतून निघालेला टफ नावाचा दगड विपुल. हा दगड हलका, घडविण्यास सोपा, आणि गुलाबी, पिवळट, काळसर अशा अनेक रंगांत मिळतो. आर्मेनियन गवंडी भिंतीच्या दोन्ही अंगांस या दगडाचे नीट घडलेले चिरे लावीत आणि मधली पोकळी चुना व दगडगोटे यांच्या घट्ट मिश्रणाने भरून काढीत. भिंत एकजीव होई. अशा भिंतींवर मध्यभागी ढोलासारखा उंच गोल कंठ चढवावयाचा, आत घुमट घ्यावयाचा आणि बाहेरून त्यावर टोकदार शंकूची टोपी बसवावयाची, ही त्यांची रीत. दुरून पाहणाऱ्यास घुमट दिसतच नाही. दिसतो तो शंकू. शिखराच्या आकारावरून आपण जसे हेमाडपंती देवालय ओळखतो, तसे या शंकूवरून आर्मेनियन चर्च कोणासही ओळखता येते.

चौकोनी खोलीवर वाटोळा घुमट कसा बसवावा, हा वास्तुशास्त्रातला जुनाच पेच आहे. सोलापूरकरांना तो नवीन वाटावयाचा नाही, कारण त्यांच्या शेजारी विजापुरास त्याचे एक भव्य उत्तर उभे आहे. इ.स. १६५६ च्या सुमाराचा गोल घुमट आतून सुमारे १२५ फूट व्यासाचा असून, एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींनी चौकोनाचे वर्तुळ करीत आणले आहे. आर्मेनियन कारागिरांनी हा पेच त्यापूर्वी हजार वर्षे सोडविला होता, अर्थात पुष्कळच लहान प्रमाणावर. एच्मियाद्झिन येथे इ.स. ६१८ मध्ये संत ह्रिप्सिमे हिच्या नावाने बांधलेले मंदिर पाहावे. मधल्या चौकाच्या चारी बाजूंस चार अर्धवर्तुळाकार गाभारे, कोपऱ्यांत चार खोल कोनाडे आणि त्यांच्या मागे चार लहान दालने. घुमटाचा भार असा आठही दिशांना वाटला गेला. चौदाशे वर्षांचे भूकंप सोसून ते आजही उभे आहे.

या परंपरेतील एका स्थपतीचे नाव इतिहासाने राखून ठेवले आहे, ही भाग्याची गोष्ट. कारण आपल्याकडे काय किंवा तिकडे काय, देवालये राजांच्या नावाने ओळखली जातात आणि गवंड्यांची नावे विस्मृतीत जातात. त्रदात हे त्याचे नाव. धर्मांतर करणारा राजा तो हा नव्हे. याचा काळ दहाव्या शतकाच्या अखेरचा. आनी या तत्कालीन राजधानीचे महामंदिर त्याने बांधावयास घेतले असताना इ.स. ९८९ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे मोठा भूकंप झाला आणि हागिया सोफिया या जगद्विख्यात चर्चच्या घुमटाचा एक भाग कोसळला. दुरुस्तीकरिता ग्रीक सम्राटाला आर्मेनियाहून त्रदातला बोलवावे लागले. त्याने घुमट सावरला, आणि परतून इ.स. १००१ मध्ये आनीचे काम पुरे केले. हागिया सोफिया अद्याप उभी आहे. आनीच्या मंदिराचा घुमट मात्र इ.स. १३१९ च्या भूकंपात पडला आणि ते नगरही पुढे ओस झाले. दुसऱ्याचे घर सावरणाऱ्याचे स्वतःचे घर राहू नये, हा प्रकार आर्मेनियन इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतो.

आता या डोंगरी लोकांचा हिंदुस्थानशी संबंध कसा आला? आरास नदीच्या काठी जुल्फा नावाचे व्यापारी गाव होते. इराणचा शहा अब्बास आणि तुर्कांचा सुलतान यांच्या युद्धात इ.स. १६०४-०५ मध्ये शहाने हा सारा टापू उजाड केला आणि तेथील आर्मेनियन कुटुंबांना हजारोंच्या संख्येने आपल्या मुलखात नेले. वाटेत किती मेले त्याची गणती नाही. जुल्फाच्या रेशमी व्यापारातील हुशार माणसे त्याला हवी होती. त्यांना त्याने आपल्या राजधानीजवळ, इस्फहानच्या नदीपलीकडे वसविले. त्या वसाहतीचे नाव त्यांनी नवे जुल्फा असेच ठेविले. तेथील वांक नावाचे महामंदिर सतराव्या शतकाच्या मध्यास बांधून झाले. त्याचे बाह्यरूप पाहिले तर शंकूची टोपी नाही, टफचा दगडही नाही! विटांचे बांधकाम आणि वर इराणी मशिदीस शोभेल असा कांद्याच्या आकाराचा घुमट. आत वेदी आर्मेनियन, भिंतींवरची चित्रे युरोपीय वळणाची, खालच्या फरशा इराणी. जेथे राहावयाचे तेथला पोशाख करावा आणि आतला माणूस तोच ठेवावा, ही युक्ती या लोकांनी वास्तुशिल्पातही साधली. मुंबईच्या मंदिराकडे पाहताना ही गोष्ट विसरता कामा नये.

नव्या जुल्फाचे व्यापारी तेथून जगभर गेले. पश्चिमेस व्हेनिस आणि ॲम्स्टरडॅम, पूर्वेस मनिला. होव्हान्नेस नावाच्या एका गुमास्त्याची इ.स. १६८२ ते १६९३ या काळातील खतावणी उपलब्ध आहे. मालकाचे भांडवल घेऊन तो सुरतेस उतरला, आग्ऱ्यास गेला, आणि तेथून पुढे हिमालय ओलांडून ल्हासापर्यंत पोहोचून तेथे पाच वर्षे राहिला. नफ्यात मालकाचा एवढा आणि गुमास्त्याचा एवढा वाटा, असा करार असे. आपल्याकडील मुनीम आणि पेढीवाले यांना हा हिशेब अगदी घरचा वाटेल. या व्यापाऱ्यांना ‘ख्वाजा’ ही आदराची पदवी असे. सुरतेस त्यांची मोठी वसाहत होती. तेथील त्यांच्या स्मशानभूमीतले लेख कोरलेले थडग्यांचे दगड आजही त्याची साक्ष देतात.

इंग्रजांनी या लोकांचे महत्त्व लवकर ओळखले. ईस्ट इंडिया कंपनीला इ.स. १६६८ मध्ये मुंबई बेट मिळाले होते, परंतु बेटाला बंदर असून व्यापारी नव्हते. मग इ.स. १६८८ च्या जून महिन्यात लंडन येथे कंपनीने ख्वाजा फानूस कलंतर या आर्मेनियन व्यापाऱ्याशी एक करार केला. आर्मेनियन लोकांनी आपला माल इराणमार्गे खुष्कीने न नेता कंपनीच्या गलबतांतून न्यावा, आणि त्याच्या बदल्यात कंपनीच्या गावांत त्यांना इंग्रजांच्या बरोबरीचे हक्क असावेत, असा त्याचा मथितार्थ. त्यातील एक कलम फारच लक्षणीय आहे. कंपनीच्या कोणत्याही गावात ४० किंवा अधिक आर्मेनियन राहू लागले की त्यांना चर्चकरिता जागा द्यावी. कंपनीने आपल्या खर्चाने तेथे लाकडी चर्च बांधून द्यावे. पुढे त्यांनी हवे तर दगडाचे करावे. आणि पुजाऱ्याच्या चरितार्थाकरिता कंपनीने सात वर्षेपर्यंत दरसाल ५० पौंड द्यावे.

चाळीस माणसे म्हणजे एक चर्च! व्यापाऱ्याने देवाचे असे गणित मांडल्याचे दुसरे उदाहरण विरळा. यात हसण्यासारखे काही नाही. परक्या बंदरात आलेल्या मनुष्यास पहिली भीती कोणती वाटते? आपले लग्न कोण लावील, मुलाचे नाव कोण ठेवील आणि मेल्यावर आपल्या भाषेत प्रार्थना कोण म्हणेल, हीच. ज्या गावी ही सोय असेल तेथे कुटुंब येते, आणि कुटुंब आले म्हणजे पेढी टिकते. कंपनीच्या चाणाक्ष संचालकांनी हे बरोबर हेरले होते, आणि फानूस कलंतरनेही.

कराराची फळे प्रथम पूर्व किनाऱ्यावर दिसली. फानूसचा पुतण्या ख्वाजा इस्राएल सरहद याने इ.स. १६९८ मध्ये ज्या तीन गावांतून कलकत्ता शहर झाले, ती गावे मोगल सुभ्याकडून कंपनीला मिळवून देण्यात मोठी कामगिरी केली. त्या कलकत्त्यात इ.स. १७२४ मध्ये पवित्र नाझरेथ या नावाचे आर्मेनियन चर्च बांधले गेले. त्या शहरातील जुन्यात जुनी ख्रिस्ती वास्तू म्हणून त्याचा मान आहे. पांढऱ्या भिंती, गोल खांबांच्या पडव्या, एका बाजूस घड्याळाचा मनोरा. शंकूची टोपी येथेही अंगभर नाही. मनोऱ्याच्या टोकाशी तिची आठवण मात्र राहिली आहे.

मद्रासचे चर्च इ.स. १७७२ चे. त्याचा घंटाघर स्वतंत्र असून त्यात सहा प्रचंड घंटा आहेत. अंगणात पायाखालच्या फरसबंदीत आर्मेनियन अक्षरांनी कोरलेली थडगी आहेत. येथे वास्तूपेक्षाही मोठी गोष्ट घडली. शिराझहून आलेल्या हारुत्यून श्माव्होन्यान नावाच्या धर्मगुरूने इ.स. १७९४ मध्ये मद्रासेत ‘अझ्दरार’ नावाचे मासिक काढले. आर्मेनियन भाषेत जगात कोठेही निघालेले हे पहिले नियतकालिक. मराठी वाचकांनी क्षणभर तुलना करून पाहावी. आपल्या भाषेतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत काढले ते इ.स. १८३२ मध्ये, म्हणजे आणखी ३८ वर्षांनी. आपल्या देशापासून हजारो मैलांवर, तमिळ भाषेच्या मुलखात, मूठभर व्यापाऱ्यांच्या आधारावर एका पुजाऱ्याने आपल्या भाषेतली पत्रकारिता सुरू केली. ‘अझ्दरार’ दोनच वर्षे चालले. ते बंद पडले त्याच साली, इ.स. १७९६ मध्ये, मुंबईत संत पीटरचे मंदिर उभे राहिले.

मुंबईस मद्रास-कलकत्त्यासारखी मोठी आर्मेनियन वसाहत कधीच नव्हती. सुरत खालावत गेली तशी काही घराणी इकडे सरकली, इराणी आखाताच्या आणि बसऱ्याच्या व्यापारात गुंतली. परंतु तोवर काळ फिरला होता. ज्या कंपनीला त्यांच्या मध्यस्थीची गरज होती ती आता राज्यकर्ती झाली होती आणि तिला मध्यस्थ नको होते. तिकडे नादिरशहाच्या जुलमी वसुलीने इ.स. १७४७ पूर्वीच नव्या जुल्फाच्या पेढ्यांचे कंबरडे मोडले होते. मूळच सुकू लागल्यावर फांद्यांना ओलावा कोठून मिळावा? तरीही कोटाच्या आत मोक्याच्या जागी या लोकांनी आपले देवालय बांधले, याला मनाचा घट्टपणाच म्हणावा लागेल. नव्या जुल्फाच्या धर्मपीठाकडून पुजारी येत. प्राचीन आर्मेनियन भाषेत उपासना होई. ख्रिस्तजन्माचा उत्सव इतर ख्रिस्ती लोकांप्रमाणे २५ डिसेंबरला नव्हे, तर ६ जानेवारीस साजरा करावयाचा, ही त्यांची प्राचीन रीत.

आर्मेनियन चर्चच्या अंतर्भागात एक विशेष असतो, तो सांगितला पाहिजे. ग्रीक चर्चमध्ये गाभारा आणि सभामंडप यांच्यामध्ये चित्रांनी मढविलेली भिंत असते. आर्मेनियन लोकांनी ती घेतली नाही. त्यांची वेदी उंच ओट्यावर असते आणि तिच्यापुढे पडदा. उपासनेतील ठराविक प्रसंगी तो ओढला जातो आणि पुन्हा उघडतो. ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या काळात तो बंदच ठेवतात. मूर्ती नाहीत, चित्रे बेताची. म्हणजे या धर्माच्या मंदिरास मूळ गरज फार थोडी आहे: पूर्वेकडे तोंड करून उभे राहण्याची सोय, एक ओटा, एक पडदा. बाकीचे सारे त्या त्या देशाच्या कारागिरांवर सोडता येते. म्हणूनच इस्फहानास ते इराणी झाले आणि कलकत्त्यास फिरंगी.

मुंबईत काय झाले? इ.स. १९५७ मध्ये जुने चर्च पाडून त्याच जागी नवे बांधण्यात आले, आणि शेजारी एक व्यापारी इमारत उभी राहिली. तिला नाव दिले अरारात. १६१ वर्षांची वास्तू गेली, याबद्दल इतिहासप्रेमी मनुष्य हळहळल्यावाचून राहणार नाही. जुन्या वास्तूंना संरक्षण देणारे नियम मुंबईत लागू झाले ते इ.स. १९९५ मध्ये, तोवर कोटातील कित्येक जुनी घरे आणि देवळे कोणाच्याही नकळत नाहीशी झाली. तरीपण येथे घाईने दोष देणे बरे नव्हे. समाज ओसरत चालला असता जुने देवालय राखावयाचे म्हणजे कौले, वासे, गिलावा, पहारा यांचा नित्य खर्च आला. वर्गणी द्यावयास माणसे नाहीत. अशा वेळी जुन्या भिंती राखून जागा गमवावी, की भिंती गमावून जागा राखावी? कोटातील जमिनीचा भाव ज्यास ठाऊक आहे त्यास या प्रश्नाची धार कळेल. राहून राहून एवढे मात्र वाटते की, जुन्या वास्तूची सविस्तर मापे, चित्रे आणि तिच्यातील लेखांची प्रत सर्वांच्या हाती असती तर पाडण्याचे दुःख अर्धे झाले असते. दगड जातो तेव्हा त्याच्यावरील अक्षरही जाते, आणि ज्या लोकांनी आपली अक्षरे एवढ्या निष्ठेने वाहून आणली, त्यांच्या बाबतीत ही हानी थोडी नव्हे.

अक्षरांचे दगड किती सहज नाहीसे होऊ शकतात, याचे भयंकर उदाहरण याच लोकांच्या मूळ गावी घडले आहे. जुन्या जुल्फाच्या स्मशानभूमीत नक्षीदार क्रूस कोरलेल्या उभ्या शिळा हजारोंनी होत्या. अशा शिळेस ते लोक ‘खाचकार’ म्हणतात; तिच्या कोरीव कामास इ.स. २०१० मध्ये युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. आरासच्या काठची ती स्मशानभूमी आज अझरबैजानच्या नखिचेवान प्रांतात येते. इ.स. १९९८ ते २००५ या काळात तेथील शिळा फोडून ती जागा सपाट करण्यात आली. शहा अब्बासाने माणसे हलविली, पण दगड राहू दिले होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी दगडही उरले नाहीत. मुंबई, सुरत, मद्रास, कलकत्ता येथे जे आर्मेनियन आले त्यांचे पूर्वज त्या भूमीत पुरले होते. आता त्या गावाची कोरीव आठवण शोधावयाची तर सुरतेच्या आणि मद्रासच्या थडग्यांकडे वळावे लागते. परदेशातील एवढ्याशा वसाहतीचे लेख मूळ गावाच्या इतिहासास आधार व्हावेत, असा हा उलटा न्याय आहे.

चाळीस माणसांचे गणित आज कोठेच जमत नाही. कलकत्त्यात शे-दीडशे आर्मेनियन असतील. तेथे त्यांची इ.स. १८२१ मध्ये स्थापन झालेली शाळा चालू असून आर्मेनियातून आणि इराणातून मुले तेथे शिकावयास येतात, म्हणून चर्चमध्ये आवाज तरी राहिला आहे. चेन्नईत रहिवासी आर्मेनियन जवळजवळ नाहीत. ढाक्यात आर्मेनीटोला नावाची पेठ आहे, इ.स. १७८१ चे चर्च आहे, पण समाज नाही. सिंगापुरास जॉर्ज कोलमन नावाच्या स्थपतीने इ.स. १८३५ मध्ये बांधलेले संत ग्रेगरीचे चर्च त्या शहरातील जुन्यात जुने ख्रिस्तमंदिर असून, गोलाकार मंडप आणि चारी अंगांस खांबांची दारे यांमुळे ते फार देखणे दिसते.  तेथेही समाज अगदी थोडा. व्यापार आटला, मुले इंग्रजी शिकून इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेली, मुली अन्य समाजांत दिल्या गेल्या. यात कोणाचा अपराध नाही. बंदरातील वसाहतींचा हा नेहमीचाच क्रम आहे. मुंबईच्या बगदादी यहुद्यांची कथा याहून फारशी निराळी नाही.

मग मेडोज स्ट्रीटवरील मंदिराचे दार उघडते कोणासाठी? येथे त्या ४५१ सालच्या जुन्या फाटाफुटीचा एक अनपेक्षित लाभ दिसून येतो. आर्मेनियन आणि केरळातील सिरियन ऑर्थोडॉक्स हे एकाच कुळातील असल्यामुळे एकाची वेदी दुसऱ्यास परकी नाही. या कुळातील सर्व चर्चांचे प्रमुख इ.स. १९६५ च्या जानेवारीत इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबा येथे, एकत्र जमले होते, आणि शतकानुशतके दूर राहिलेल्या या भावंडांची ओळख तेव्हा नव्याने झाली. स्वातंत्र्यानंतर नोकरीधंद्यानिमित्त केरळातून मुंबईस जी कुटुंबे आली, त्यांत या पंथाची माणसे पुष्कळ होती. शहराच्या दक्षिण भागात त्यांना उपासनेला जागा हवी होती. आर्मेनियनांकडे जागा होती आणि माणसे नव्हती. त्यामुळे संत पीटरच्या या मंदिरात सिरियन परंपरेची उपासना होत आली आहे. आर्मेनियन प्रार्थनेच्या ठिकाणी मलयाळम आणि प्राचीन सिरियाक भाषेतील प्रार्थना ऐकू येते. सिरियन चर्चमध्येही वेदीपुढे पडदा असतो आणि उपासनेच्या ओघात तोही ओढतात व उघडतात. फरक पडतो तो उत्सवाच्या दिवसात. केरळची मंडळी ख्रिस्तजन्म २५ डिसेंबरला साजरा करतात. त्यानंतर बारा दिवसांनी, ६ जानेवारीस, आर्मेनियन पंचांगाप्रमाणे तोच सण येतो.